चिऱ्याच्या खांबाला गाडी घासली. चतुर्थीआधी घरीच दुरुस्त करता येईल का?

वाळवंटीकाठ | 16 ऑगस्ट, रात्री

नमस्कार मंडळी. साखळीहून लिहितेय. परवा संध्याकाळी धो धो पावसात गाडी मागे घेताना फाटकाच्या चिऱ्याच्या, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाच्या, खांबाला मागची डावी बाजू घासली. गाडी बाबांची. 2012 ची वॅगनआर, रंग सिल्की सिल्व्हर. बाबा एक शब्दही बोलले नाहीत. छत्री घेऊन बाहेर आले, त्या जागेवरून हात फिरवला आणि आत गेले. तेव्हापासून मला चैन नाही.

झालंय ते असं. मागच्या दारावर वीतभर लांबीचे तीन ओरखडे आहेत. दोन वरवरचे वाटतात, तिसऱ्यात नख अडकतं आणि तळाशी राखाडी दिसतं. मागच्या चाकाच्या वर वाटीच्या तळाएवढा पोचा आलाय, पण तिथला रंग तुटलेला नाही. आणि बंपरचा कोपरा आत दबलाय, त्यावर चिऱ्याचा तांबडा रंग घासून बसलाय.

गॅरेजवाला म्हणतो, दार आणि मागचा पत्रा दोन्ही पूर्ण रंगवावे लागतील, आणि नंबर चतुर्थीनंतरच लागेल. चतुर्थीला मुंबईचे काका-काकू, आत्या, सगळे घरी येणार. गाडी अंगणात अशी उभी असू नये असं फार वाटतं.

हे काम मी आयुष्यात कधी केलेलं नाही. शिकायची तयारी आहे, घाई करणार नाही. यातलं नवख्या माणसाने घरी काय करावं आणि कशाला हात लावू नये?

गडगा | 16 ऑगस्ट

ताई, आमच्या पेडण्यात असा एक खांब दाखवा ज्याला कोणाच्या ना कोणाच्या गाडीचा रंग लागलेला नाही. मन खाऊ नका. वाचतोय.

रातांबा | 16 ऑगस्ट

स्पष्ट सांगतो, करू नका. पांढरी गाडी असती तर हो म्हटलं असतं. सिल्व्हर हा घरी मारायला सगळ्यात अवघड रंगांपैकी एक. त्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि ते कसे आडवे-उभे बसतात त्यावर छटा ठरते. माझ्या मावसभावाने पोर्चमध्ये स्प्रे कॅनने दार रंगवलं. समोरून बघितलं तर अगदी जुळलेलं, बाजूने बघितलं तर दार दुसऱ्या गाडीचं काढून बसवल्यासारखं काळपट. शेवटी गॅरेजमध्ये जाऊन तो सगळा रंग उतरवायला लागला, त्याचे पैसे वेगळे. दोन महिने थांबा, नंबर लागेल तेव्हा लागू दे.

आबोली | 17 ऑगस्ट

रातांबादादा, दार रंगवण्याबद्दल पटलं. पण बंपरसाठी गॅरेजला कशाला जायचं? तो प्लास्टिकचा असतो. गेल्या वर्षी म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात गाडी लावली होती, परत येऊन बघते तर कोपरा आत गेलेला. घरी येऊन मोठ्या टोपात पाणी उकळलं, त्या जागेवर हळूहळू ओतलं, आणि खालून हात घालून आतून रेटला. "टप्प" असा आवाज आला आणि बंपर जागेवर. वरून लगेच थंड पाणी मारलं. दहा मिनिटांचं काम. जाड हातमोजे मात्र घाला, नाहीतर हात पोळेल.

पत्राकाम | 17 ऑगस्ट, दुपारी

फोंड्याला बावीस वर्षं टिंकरकाम करतोय. ताईंनी प्रश्न नीट सुटा करून विचारलाय म्हणून सविस्तर लिहितो. ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत, तिघांचं औषध वेगळं.

*बंपर.* आबोलीताई म्हणतात तसंच. आधी खाली वाकून आतल्या बाजूला बघा, बहुतेक बंपरवर आत 'पीपी' असं काहीतरी उठवलेलं असतं. म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. गरम झालं की ते नरम पडतं आणि आपल्या मूळ आकाराकडे जायला बघतं. पार्किंग सेन्सर बसवलेला असेल तर त्यावर उकळतं पाणी ओतू नका. चीर गेली असेल तर थांबा, ते काम वेगळं. तांबडा डाग हा तुमचा रंग गेल्याचा नाही, खांबाचा रंग आल्याचा आहे. नुसत्या पाण्याने आधी भरपूर धुवा. चिऱ्याचे कण आत अडकलेले असताना फडका घासलात तर तोच पॉलिश पेपर होतो. मग मऊ कापडावर वाटाण्याएवढं रबिंग (रंग घासून उजळवायची पेस्ट) घेऊन हलक्या हाताने. अर्ध्याहून जास्त डाग निघून जाईल.

*ओरखडे.* गाडीचा रंग म्हणजे एकावर एक थर. पत्रा, त्यावर गंज थांबवणारा थर, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर. कंपनीचे हे सगळे थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन भरतात, त्यातला क्लिअर 40 च्या आसपास. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्याला तुम्ही घासणार तो थर केसापेक्षाही पातळ आहे, हे हातात पेपर घेताना डोक्यात ठेवा. नख अडकत नाही ते ओरखडे क्लिअरमधलेच, ते रबिंग आणि पॉलिशने जातील, निदान डोळ्याला दिसेनासे होतील. तिसरा ओरखडा मात्र कोरडा करून उन्हात बघून सांगा: तळ राखाडी आणि मंद आहे की चमकतोय? मंद असेल तर प्रायमर. चमकत असेल तर पत्रा उघडा पडलाय, आणि मग ते काम आजचं आहे. चतुर्थीसाठी नाही, पावसासाठी.

*पोचा.* त्याला हात लावू नका. का ते नंतर सांगतो, गिऱ्हाईक आलंय.

सुशेगाद | 17 ऑगस्ट

नंतर सांगतो म्हणून गेलेला टिंकर त्याच दिवशी परत आला तर हा धागा फ्रेम करून लावू 😄

पत्राकाम | 17 ऑगस्ट, रात्री

आलो बघा, सुशेगादभाऊ.

रंग न तुटलेला पोचा हे नशीब समजा. अशा पोच्याला रंग न मारता काढणारे कारागीर असतात. ते आतून लांब सळई घालून एकेक मिलीमीटर दाबत पत्रा मूळ जागी आणतात, किंवा बाहेरून गोंदाने खुंटी चिकटवून ओढतात. कंपनीचा मूळ रंग तसाच राहतो. आपण डिकीचं आतलं आवरण काढून अंगठ्याने किंवा हातोडीच्या दांड्याने रेटायला गेलो की पोच्याच्या मध्यावर बाहेर टेंगूळ येतं, कडेचा फुगवटा मात्र तसाच राहतो. पत्रा एकदा ताणला गेला की त्याला परत जमवणं आम्हालाही जड जातं. आणि टेंगळावर रंग तडकला की जे काम रंगाशिवाय होणार होतं त्याला लांबी (म्हणजे पुट्टी), प्रायमर, रंग, क्लिअर सगळं लागतं.

मीठमिरची | 18 ऑगस्ट

हेअर ड्रायरने तापवून वर बर्फ धरला की पोचा निघतो म्हणे? व्हिडिओत तर लगेच निघाला.

पत्राकाम | 18 ऑगस्ट

प्लास्टिकवर उष्णता चालते, कारण प्लास्टिक तेवढ्या तापमानाला नरम होतं. लोखंडी पत्रा हेअर ड्रायरने नरम होत नाही. एखादा मोठा, उथळ, नुसताच आत लचकलेला पोचा असेल तर तो थोड्याशा धक्क्यानेही बाहेर येतो, मग श्रेय बर्फाला मिळतं. कड असलेला पोचा बर्फाने हलणार नाही.

घाटमाथा | 18 ऑगस्ट

मी सोलापूरकडचा. मला वाटतं तुम्ही सगळे ताईंना उगाच घाबरवताय. मी स्वतः गच्चीत मडगार्ड रंगवलंय. 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, प्रायमर मारला, 800 ने पाणी लावून घासलं, रंगाचे तीन हात, क्लिअरचे दोन हात. कॅन वीतभरापेक्षा थोडा लांब धरायचा, हात थांबू द्यायचा नाही, दोन हातांत दहा मिनिटं जाऊ द्यायची. संध्याकाळपर्यंत गाडी तयार. एवढं अवघड काही नाही. माणसाने करून बघावं, त्याशिवाय हात बसत नाही.

रसायन | 18 ऑगस्ट

घाटमाथा, पद्धत बरोबर आहे, गाव वेगळं आहे. तुम्ही हे कधी केलंत? एप्रिलमध्ये असणार. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. ऑगस्टमध्ये इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते. अशा हवेत लॅकर किंवा स्प्रे कॅनचा रंग मारला की थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, आणि त्या थंड पृष्ठभागावर हवेतली वाफ जमते. बर्फाचं पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तेच. ते पाणी ओल्या रंगात अडकतं आणि वाळल्यावर रंगावर दुधाळ धुकं दिसतं. सिल्व्हरवर तर फारच वाईट दिसतं.

दुसरी गोष्ट, हार्डनर घालून वापरायचा टू-के क्लिअर घरी मारू नका, कितीही टिकाऊ असला तरी. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी झाली की पुढे अगदी थोड्यानेही त्रास होतो. कापडी मास्क किंवा कोविडचा मास्क त्याला काहीही अडवत नाही. मडगावला माझ्या शेजारी घरातच एकाने हे केलं, वरच्या मजल्यावर लहान मूल होतं. मी जाऊन थांबवलं. हे मी हात जोडून सांगतोय.

घाटमाथा | 18 ऑगस्ट

मार्चमध्ये केलं होतं, बरोबर ओळखलंत. दमटपणाचा विचार मी केलाच नव्हता, आमच्याकडे तो प्रश्न येत नाही. माझा 'संध्याकाळपर्यंत तयार' हा सल्ला गोव्यापुरता मागे घेतो. पण करून बघावं हे मागे घेत नाही.

वाळवंटीकाठ | 18 ऑगस्ट

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! आज दुपारी तासभर ऊन पडलं तेव्हा तिसरा ओरखडा बघितला. पत्राकामदादा, बहुतेक लांबीभर मंद राखाडी आहे, पण मधली दोन बोटं जागा चमकते, आणि त्याच्या खालच्या कडेला चहाच्या डागासारखी फिकट तांबूस रेघ आलीय. मला आधी चिऱ्याचा रंग वाटला. ओल्या कापडाने पुसला, जात नाही.

खारा_वारा | 18 ऑगस्ट

तो गंज आहे. चार दिवसांत इतकाच दिसतो, पण थांबत नाही. मी मिरामारला राहतो, समुद्रावरून येणारी हवा गाडीवर मिठासारखी बसते. आमच्या जुन्या गाडीच्या दाराला खालच्या कडेला असाच एक ओरखडा होता. 'दिवाळीत बघू' म्हणून सोडला. दिवाळीत रंगाखाली तांदळाएवढे फोड आले होते. पुढच्या पावसाळ्यानंतर स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर टोक आरपार गेलं. रंगाखालून गंज कडेकडेने सरकतो, वरून फक्त फोड दिसतो. आईने ती गाडी सोळा वर्षं चालवली होती, दार बदलताना ती गॅरेजच्या बाहेरच उभी राहिली. आत आली नाही.

जाता जाता सगळ्यांनाच एक सांगतो. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, पाणी निघायला. पानं-माती अडकून ती बुजली की पाणी दारातच साठतं आणि दार आतून कुजतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा खराट्याच्या काडीने ती साफ करा.

आबोली | 18 ऑगस्ट

चमकणाऱ्या जागेवर पारदर्शक नेलपॉलिश लावलं तर? पाणी तरी लागणार नाही.

पत्राकाम | 18 ऑगस्ट, रात्री

आबोलीताई, काहीच नसेल तर दोनचार आठवड्यांसाठी चालेल, पण दोन अडचणी आहेत. गंजावर लावलं तर गंज आत कोंडला जातो. आणि नंतर ते काढायला ॲसिटोन लागतं, ते बाजूच्या रंगालाही चावू शकतं, विशेषतः आधी एकदा रंगवलेल्या गाडीला.

ताई, उद्या एवढंच करा. गाडी छपराखाली घ्या. जागा शाम्पूने धुवून पुसा. मग हेअर ड्रायर लांब धरून कोमट हवेने ओरखड्याच्या आतपर्यंत सुकवा, पत्रा हाताला चटका बसेल इतका तापवू नका. ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, म्हणजे बाजूचा चांगला रंग घासला जाणार नाही. 400 चा पेपर घडी करून त्याच्या कडेने फक्त तांबूस भाग घासा, पूर्ण चमकेपर्यंत. कोपऱ्यात काळा ठिपका उरला तर तोही गंजच, सोडू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि मग त्याला बोट लावू नका, बोटाचं तेलही नको. टूथपिकने किंवा शून्य नंबरच्या ब्रशने एपॉक्सी प्रायमरचा पातळ थर, फक्त उघड्या पत्र्यावर. हा ब्रशने लावायचाय, फवारायचा नाही, तरी दारं उघडी ठेवा आणि हातमोजे घाला. रात्रभर सुकू द्या. सकाळी दुसरा थर.

दिसायला राखाडी रेघ दिसेल. दिसू दे. गंज थांबला की रंगाला डिसेंबरही चालतो.

रातांबा | 19 ऑगस्ट

हे मला मान्य आहे. माझा विरोध रंगवण्याला होता, गंज थांबवण्याला नाही. ताई, हे नक्की करा.

विमेकरी | 19 ऑगस्ट

कोणीतरी विम्याचं विचारेल म्हणून आधीच लिहितो, हा माझा रोजचा धंदा आहे. दावा करायचा असेल तर दुरुस्तीआधी कळवावं लागतं, सर्व्हेअरने नुकसान बघायला हवं. आधी घरी काम करून मग दावा होत नाही. पण इतक्या नुकसानीला दावा करावा का, याचं गणित मांडा. पाच वर्षं दावा न केलेल्यांना स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर 50 टक्के नो क्लेम बोनस मिळतो, आणि एका दाव्याने तो पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येतो. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात पहिले 1000 रुपये आपलेच. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर आणि रंगाच्या सामानावर 50 टक्के घसारा कापतात. अशा ओरखड्यांना बहुतेक वेळा दावा परवडत नाही. मी माझ्या गिऱ्हाइकांना तसंच सांगतो, माझं कमिशन गेलं तरी.

सुशेगाद | 19 ऑगस्ट

मग नारळ पडून बॉनेटला पोचा आला तर? आमच्याकडे परवा पडला. रंगही तडकलाय.

गडगा | 19 ऑगस्ट

नारळ माटोळीला, गणपतीच्या वर फळं टांगतो त्या चौकटीला, ठेवला की नाही?

सुशेगाद | 19 ऑगस्ट

ठेवलाय! तेवढीच वसुली.

विमेकरी | 19 ऑगस्ट

पॅकेज पॉलिसी (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी) असेल तर बाहेरून अपघाताने पडलेली वस्तू त्यात बसते. गणित मात्र तेच.

पत्राकाम | 19 ऑगस्ट

सुशेगादभाऊ, रंग तडकला असेल तर तुमचं काम लांबीचं आहे. बॉनेट उघडा, पोचा खालच्या पट्ट्यांच्या मध्ये असेल तर लाकडाच्या ठोकळ्याने शक्य तितका वर घ्या, पण पातळीच्या किंचित खालीच राहू द्या. लांबी ही दोनतीन मिलीमीटर भरायची वस्तू आहे, खड्डा बुजवायची नाही. जाड भरली की इंजिनच्या उष्णतेने आणि बॉनेट आपटण्याने पुढे तडकते.

मिसळताना गुळगुळीत टाइलचा तुकडा घ्या, पुठ्ठा नको, तो तेल शोषतो. लिंबाएवढ्या लांबीला वाटाण्याएवढं हार्डनर, वजनाने साधारण दोन टक्के. पात्याने दाबून दाबून एक रंग येईपर्यंत मिसळा, फेटू नका, फेटलं की हवा शिरते आणि घासल्यावर टाचणीची भोकं दिसतात. आपल्याकडच्या उकाड्यात चार-पाच मिनिटांत घट्ट होते, म्हणून एका वेळी थोडीच कालवा. घट्ट व्हायला लागली की लावू नका, फेकून द्या. आमच्याकडे नवीन पोरगा कामाला आला की पहिला आठवडा तो फक्त टाइलवर लांबी कालवतो.

घासताना पेपर बोटांनी धरायचा नाही. ठोकळ्याला गुंडाळायचा. मी जुन्या रबरी चपलेचा तळ कापून वापरतो, बॉनेटच्या बाकाप्रमाणे तो थोडा वाकतो. 80 ने आकार, 180 ने साफ, 320 ने शेवट. सगळं कोरडं. लांबीला पाणी लावून घासू नका, ती पाणी पिते आणि ते पाणी पुढे रंगाखाली फोड आणतं. डोळ्यावर विश्वास ठेवू नका. तळहाताखाली पातळ सुती कापड धरून सपाट हात लांब फिरवा, डोळे मिटून. डोळ्याला सपाट दिसणारी जागा हाताला लगेच चढउतार दाखवते.

वाळवंटीकाठ | 19 ऑगस्ट

"डोळे मिटून हात फिरवा" वाचलं आणि थांबले. त्या संध्याकाळी बाबांनी नेमकं तेच केलं होतं. ते खाणीवर मशीन विभागात होते. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटलं म्हणून हात फिरवला. आज विचारलं तर म्हणाले, "पत्रा किती गेलाय बघत होतो. दाराला पोचा नाही, फक्त मागे आहे."

फणसपोळी | 20 ऑगस्ट

विषय निघालाच आहे तर झाडाखाली गाडी लावणाऱ्यांसाठी. आंब्याचा, फणसाचा चीक रंगावर वाळू देऊ नका. नखाने किंवा पात्याने खरवडूही नका, अर्धे ओरखडे तिथूनच येतात. फणस कापताना हाताला लावतो तेच खोबरेल तेल चिकावर लावून दहा मिनिटं ठेवा, मऊ कापडाने उचलून घ्या, मग शाम्पूने धुवा. काजूची बोंडं गळायच्या दिवसांत गाडी त्या झाडाखाली नकोच. आणि पक्ष्याची शिट त्याच दिवशी, ओलं कापड ठेवून भिजवून काढा. उन्हात भाजली की क्लिअरवर कायमचा वळ उठतो.

मीठमिरची | 20 ऑगस्ट

दिवाडीच्या फेरीबोटीत दुचाकीची हँडलं लागून होणाऱ्या ओरखड्यांवर पण कोणीतरी खोबरेल शोधा!

वाळवंटीकाठ | 24 ऑगस्ट

झालं तेवढं सांगते. बंपर पहिल्या टोपाला हलला नाही. दुसऱ्या टोपाच्या वेळी शेजारच्या वहिनी पाणी ओतत होत्या आणि मी खालून रेटत होते. आवाज आला तेव्हा दोघी इतक्या ओरडल्या की बाबा धावत बाहेर आले. अगदी कडेला बारीक सुरकुती राहिलीय. तांबडा डाग रबिंगने निघाला, खाली दोन पांढरट रेघा उरल्या. दारावरचे वरवरचे दोन ओरखडे तिरक्या उन्हात शोधावे लागतात आता.

तिसऱ्यातला गंज घासून प्रायमरचे दोन थर दिलेत. काळा ठिपका खरंच होता, दिसायला मिरीचा दाणा, निघायला वीस मिनिटं. राखाडी रेघ दिसते. चतुर्थीला तशीच राहील.

पत्राकाम | 24 ऑगस्ट

छान काम. आता नोव्हेंबरपर्यंत तिकडे बघू नका.

वाळवंटीकाठ | 8 डिसेंबर

धागा वर काढतेय. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तसा रंग आणला. कोड दाराच्या खांबावर नाही, बॉनेटखालच्या पट्टीवर सापडला, झेड2एस. दुकानदाराने कोडावर केलेला रंग थोडा उजळ दिसला, बारा वर्षांचं ऊन गाडीने खाल्लंय. त्याने पेट्रोलच्या झाकणाशेजारी थेंब लावून छटा किंचित बसवून दिली.

टूथपिकने, फक्त चरीच्या आत, बाहेर थेंबही नाही. पहिल्या दिवशी मी जाड थेंब सोडला तर वाळल्यावर तो काळपट दिसला. कण तळाला बसतात ना. पुसून परत सुरुवात केली. बाटली दर वेळी हलवायची आणि अगदी पातळ थर, प्रत्येकामध्ये अर्धा तास. रंगाचे पाच, हार्डनर नसलेल्या साध्या क्लिअरचे तीन. दहा दिवस थांबले. मग 2000 चा पेपर खोडरबराला गुंडाळून, साबणाच्या पाण्यात भिजवून, फक्त उंचवट्यावर. पंधरा-वीस घासे, पुसायचं, बघायचं. मग 3000, मग रबिंग, मग पॉलिश.

हातभर अंतरावरून रेघ दिसते. अंगणाच्या पायरीवरून दिसत नाही. रातांबादादा, सगळं दार रंगवायच्या फंदात पडले नाही, तुमचं ऐकलं. घाटमाथादादा, तुमचंही ऐकलं.

रातांबा | 8 डिसेंबर

फोटो मोठा करून तीनदा बघितला. बाजूने घेतलेलाही. मी हे गॅरेजवाल्याकडून केलं असतं तरी यापेक्षा चांगलं मागितलं नसतं. पोच्याचं काय केलंत?

वाळवंटीकाठ | 8 डिसेंबर

देव बरें करूं! पोच्याला हात लावला नाही. पणजीला सळईने काढणारा कारागीर मिळालाय, पुढच्या बुधवारी नंबर आहे. बाबा म्हणतात तेही येणार, बघायला.

आणि फाटकाच्या खांबाला त्यांनी काल जुन्या टायरचा अर्धा तुकडा ठोकलाय, बंपरच्या उंचीवर.

गडगा | 8 डिसेंबर

ताई, टायर चिऱ्यात बसवायला खिळे कुठले वापरले? आमच्या चिऱ्यात ठोकले की भुगा होतो.

वाळवंटीकाठ | 9 डिसेंबर

बाबांना विचारलं. खिळे नाही, ड्रिलने भोक पाडून प्लास्टिकचा गट्टू आणि लांब स्क्रू, खाली मोठा वॉशर. भोक चिऱ्याच्या मध्यावर, सांध्यात नाही.